वाटेवरची तोंडी परीक्षा

जानेवारीतल्या एका शनिवारी इंदापूरला शिक्षकांची बैठक झाली. चौथीच्या मुलांची तोंडी परीक्षा यापुढे वर्गात, ठरवलेल्या दिवशी, केंद्रप्रमुखांसमोर घ्यायची, असं बैठकीत सांगण्यात आलं. तक्ते वाटले. माझी बायको एसटीने कळंबला परत आली. तिने पिशवी खुंटीला लावली आणि भाकरीचं पीठ काढलं. मग म्हणाली, "माझी परीक्षा बंद झाली."

नव्वदच्या दशकाचा तो मध्य असेल. ती तेव्हा कळंबच्या पुढे एका वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत शिकवत होती. शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी तिच्याकडे. मी कळंबच्या बाजूच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. आम्ही गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आम्हाला मूल नव्हतं.

तिची परीक्षा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा तिच्या वर्गातल्या एका मुलाला ताप भरला. शाळा सुटल्यावर ती त्याला घरी सोडायला निघाली. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधून एका माणसाची पायवाट, त्यामुळे मुलगा पुढे आणि ती मागे. वर्गात तेराचा पाढा विचारला की या मुलाच्या डोळ्यांत पाणी यायचं. वाटेने चालताना मात्र, तापामुळे म्हणा किंवा कंटाळा घालवायला म्हणा, तो आपोआप पाढे म्हणू लागला. तेराचा झाला, चौदाचा झाला, पंधराच्या मध्यावर त्याचं घर आलं. तिने मध्ये हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या आठवड्यात, बरा होऊन तो शाळेत आला, तेव्हा तिने वर्गात पुन्हा तेराचा पाढा विचारला. पुन्हा डोळ्यांत पाणी.

तेव्हापासून तिने हा रिवाजच पाडला. शाळा सुटली की रोज एका मुलाबरोबर त्याच्या घरापर्यंत जायचं. वर्षभरात प्रत्येकाची पाळी दोन-तीनदा येई. पुस्तक बंद, पाटी दप्तरात. मूल पुढे आणि बाई मागे, हा नियम तिने कधी मोडला नाही.

"समोर बाईचं तोंड दिसलं की मूल ते तोंड वाचायला लागतं," ती मला सांगायची. "आपल्याला काय हवंय ते बघतं आणि तेवढंच देतं. पाठमोरं असलं की स्वतःचं सांगतं."

तिचे प्रश्नही परीक्षेसारखे नसत. या बांधापासून त्या बांधापर्यंत पाणी पोचायला किती वेळ लागेल आणि मध्ये घुशीने बीळ पाडलं असेल तर किती? गोठ्यात एक म्हैस वाढली तर वैरण किती वाढवायची? धड्यातली म्हातारी तुझ्या घरी आली तर ती कुठं बसेल आणि पहिल्यांदा काय मागेल? या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं ती घरी येऊन मला सांगायची आणि हसायची. एका मुलाने म्हणे सांगितलं होतं, ती बसायचीच नाही, आमच्या आजीशी तिचं भांडण लागेल आणि ती तशीच उभ्याउभ्या परत जाईल. धडा समजला की नाही हे कळायला आणखी काय पाहिजे, असं तिचं म्हणणं.

वस्तीवरच्या लोकांना ही रोजची गंमत झाली होती. चावडीजवळ बसलेला एखादा म्हातारा विचारायचा, "बाई, आज कुणाची वरात?" ती चालता चालता म्हणायची, "तुमच्या नातवाची उद्या आहे, चहा ठेवा." आणि दुसऱ्या दिवशी खरंच चहा ठेवलेला असायचा.

मला तिचं हे सगळं आवडायचं, पण मी त्याला परीक्षा मानत नव्हतो. माझा पिंड कागदाचा. बोर्डाचे पेपर तपासायला मी दर उन्हाळ्यात बारामतीला जायचो. एका हॉलमध्ये आम्ही मास्तर लोक ओळीने बसायचो, समोर गठ्ठे, वर पंखे. ज्याचा पेपर त्याचं नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. मला त्यात एक प्रकारची शुद्धता वाटायची. संध्याकाळी वाचनालयात जायचं, परतताना दोन पुस्तकं आणायची. त्या दिवसांत घरी आलो की आमचा वाद ठरलेला.

मी म्हणायचो, उद्या कुणी विचारलं या मुलाला किती मार्क, तर काय सांगशील?

ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणायची, "विचारणाऱ्याला त्या मुलाचं घर ठाऊक आहे का, ते मी आधी विचारीन."

इंदापूरच्या त्या बैठकीला ती खरं तर मोठ्या उत्साहाने गेली होती. त्या वर्षांत शिकवण्याची पद्धत बदलायचं वारं आलं होतं. घोकंपट्टी नको, मुलाला करू द्या, बोलू द्या, विचारू द्या, असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं जाई. आणि शिकवणं बदललं तर परीक्षाही जुनी ठेवून चालणार नाही, प्रत्येक मुलाला नेमकं काय काय येतं ते पाहिलं पाहिजे, हेही त्या दिवशी सांगितलं गेलं. बाकीचे शिक्षक आणखी एक तक्ता आला म्हणून कुरकुरत होते. हिला वाटलं, आपण इतकी वर्षं जे करतो तेच हे लोक आता म्हणतायत. जेवणाच्या सुट्टीनंतर तिने उभं राहून विचारलं, की तोंडी परीक्षा मुलाच्या घराच्या वाटेवर घेतली तर तक्त्यात धरतील का?

सभागृह हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, बाई, मग प्रवासभत्ताही मागा. वरच्या अधिकाऱ्यांनी हसू थांबू दिलं आणि नीट उत्तर दिलं. म्हणाले, तुमचा हेतू चांगला आहे. पण प्रत्येक शिक्षक आपापल्या वाटेवर जे ऐकेल ते आम्ही खरं मानायचं कसं? सगळ्या मुलांना एकच जागा, एकच वेळ, ऐकणारा बाहेरचा माणूस. तरच ती परीक्षा.

तिने हे मला सांगितलं तेव्हा मला त्या अधिकाऱ्यांचं म्हणणं पटलं. आजही बरंचसं पटतं. मी तसं तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मलापण पटलं. म्हणून तर बोलले नाही पुढं." आणि थोड्या वेळाने, "पण हिचं काय करायचं?"

ही म्हणजे कोण ते मला माहीत होतं.

तिच्या चौथीत एक मुलगी होती. वस्तीच्या अगदी टोकाला, कालव्याचं पाणी शेतात आणणाऱ्या चारीच्या पलीकडे, त्यांचं घर. घरात आई-वडील, आजोबा, म्हशी. या मुलीने शाळेच्या चार भिंतींत कधी तोंड उघडलं नव्हतं. हजेरीलाही नुसता हात वर करायची. पहिली-दुसरीच्या गुरुजींनी ती मुकी आहे असं धरून दोन वर्षं काढली होती. माझ्या बायकोने तिला पहिल्यांदा घरी सोडलं, त्या संध्याकाळी ती इतकी उशिरा परतली की मी बॅटरी घेऊन वेशीपर्यंत गेलो होतो. ती लांबूनच म्हणाली, "अहो, ती बोलते. केवढी बोलते."

आता तक्त्यात वाचन, बोलणं, तोंडी हिशेब यांचे रकाने होते आणि केंद्रप्रमुखांनी वर्गात ऐकल्याशिवाय त्यांत खूण करता येणार नव्हती. रकाने मोकळे राहिले तर मुलगी चौथीतच राहणार. आणि चौथीत राहिली तर तिच्या आजोबांनी आधीच सांगून ठेवलं होतं: नापास पोरीला परत बसवायचं नाही. पाचवीची शाळा लांब, वाटेत कालवा, मोठी माणसं कामावर. पास झाली तर बघू, नाहीतर घरी म्हशी आहेतच.

जानेवारी ते मार्च ती त्या मुलीला वर्गात बोलतं करायला झटली. खिडकीकडे तोंड करून उभी केली, मैत्रिणीच्या पाठीआड बसवली, सगळी मुलं मैदानात पाठवून एकटीला विचारलं. मुलगी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची, बस. एकदा माझ्या बायकोने वैतागून तिला वाटेतच विचारलं, की अगं, हेच शाळेत सांगायला काय होतं? पुढून उत्तर आलं, "शाळंत समदी ऐकत्यात."

परीक्षेचा दिवस मार्चअखेरीस आला. सकाळची शाळा सुरू झाली होती. माझ्या हायस्कुलात दहावीचं केंद्र होतं आणि त्या दिवशी मला पर्यवेक्षणाची पाळी नव्हती. ती म्हणाली, चला माझ्याबरोबर, काही नाही तर पाणी तरी द्याल. मी सायकल हातात धरून तिच्याबरोबर गेलो.

केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळा बघणारे साहेब, मोपेडवरून आले. पद नवं होतं, माणूस जुना होता. आधी कुठेतरी मुख्याध्यापक होते, आवाज मऊ, खिशाला तीन रंगांची पेनं. मुलांना त्यांनी घाबरवलं नाही. एकेकाला जवळ बोलावून पुस्तकातलं वाचायला द्यायचे, चित्र दाखवून गोष्ट सांगायला सांगायचे, दोन हिशेब घालायचे, आणि तक्त्यावर खूण करायचे. बहुतेक मुलांचं बरं झालं. काहींचं तर माझ्या बायकोच्या अपेक्षेपेक्षा चांगलं झालं, हे तिने कबूल केलं.

त्या मुलीची पाळी आली. ती उठून उभी राहिली. साहेबांनी पुस्तक पुढे केलं, तिने ते धरलं, पण ओठ हलले नाहीत. चित्र दाखवलं. हिशेब घातला, सोपा. मग आणखी सोपा. साहेबांनी तिला पाणी प्यायला लावलं, सगळ्यात शेवटी पुन्हा बोलावलं. वर्ग तिच्याकडे बघत होता, मी बघत होतो, गुरुजी दारात उभे राहून बघत होते. ती खाली बघत होती.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "बाई, मी काय करू सांगा. खूण करायला काहीतरी कानावर पडायला हवं."

माझी बायको म्हणाली, "साहेब, हिच्या घरापर्यंत चला."

गुरुजी हसले. म्हणाले, साहेब, बाई जेवायला बोलावतायत वाटतं. साहेबांनी घड्याळ बघितलं, बाहेरचं ऊन बघितलं, तक्त्यातल्या त्या मोकळ्या ओळीकडे बघितलं. "चला," ते म्हणाले. "म्हणजे नंतर तुमच्या मनात राहायला नको."

आम्ही निघालो, आणि निघतानाच आमचं चुकलं. साहेब होते, तेव्हा ते पुढे. त्यांच्या मागे पाहुणा म्हणून मी, माझ्या मागे माझी बायको आणि सगळ्यात शेवटी दप्तर घेतलेली ती पोर. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे माणसं अशीच चालतात. मोठ्या माणसाला पुढे घालायचं, बाईमाणसाने आणि लेकराने मागे राहायचं. जिने इतकी वर्षं एकाही मुलाच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं, तीसुद्धा साहेबांना वाट देऊन मागे सरली. तिच्या ते ध्यानातच आलं नाही.

साहेब चालता चालता मान वळवून विचारत होते. बाळ, आठवड्याचे वार किती? तुझ्या गावाच्या पूर्वेला काय आहे? मागून काही येत नव्हतं. प्रश्न माझ्या डोक्यावरून, बायकोच्या डोक्यावरून जाऊन उसात पडत होते. ऊन वर चढत होतं. साहेबांनी विचारणं बंद केलं आणि रुमाल डोक्यावर घेतला. माझ्या बायकोचा श्वास मला मागे ऐकू येत होता. चालण्याने दमणारी ती नव्हती.

चारीच्या अलीकडे वाट संपली. म्हणजे होती तिथे ती दिसेना. कुणाच्या तरी शेताला पाणी सोडलेलं होतं, बांध फुटून ते वाटेवर पसरलं होतं, आणि उसातून दोन-तीन ठिकाणी पावलांच्या खुणा गेल्या होत्या. साहेब थांबले. एक पाऊल टाकून बघितलं, बूट घोट्यापर्यंत गाळात गेला. ते मागे वळले. "आता कुठून?"

मला माहीत नव्हतं. माझ्या बायकोने तोंड उघडलं आणि, मला नंतर म्हणाली, मुद्दाम मिटलं.

मुलगी आमच्या बाजूने पुढे सरकली. परकर गुडघ्यापर्यंत खोचला, दप्तर डोक्यावर घेतलं. "हितनं या," ती म्हणाली. "तितं लई गाळ हाय. बांधानं या. बूट काढा सायब."

साहेबांनी बूट काढले.

आता ती पुढे आणि ते मागे, हातात बूट धरून. मी त्यांच्या मागे जाऊ लागलो तर माझ्या बायकोने मागून माझा सदरा धरला आणि मला थांबवलं. त्या दोघांना दहा-वीस पावलं पुढे जाऊ दिलं. मग सदरा सोडला.

साहेब हुशार होते. त्यांनी वार आणि दिशा सोडून दिल्या. "पाणी कुणाचं गं हे?"

"तात्याचं. धा वाजता सुटलं. तीन तास त्येंचं, मग आमचं. एक वाजता आमाला. पर आमी बारालाच जाऊन बसतो, न्हायतर तात्या पाण्याचं दार उशिरा मोडत्यात."

"तुमच्याकडं म्हशी किती?"

"तीन. एक आटलीया."

"दूध किती घालता?"

"सकाळचं सात लिटर, सांजचं पाच."

"मग आठवड्याचं किती झालं?"

ती दोन पावलं गप्प चालली. "चौऱ्याऐंशी." आणि मग, मागे न बघता, "पर तेवढं भरत न्हाय. रेडकू पितं."

साहेब मोठ्याने हसले. मी त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं. त्यानंतर बोलण्याला खंड नव्हता. चित्रातली गोष्ट तिने सांगितली, जी वर्गात दाखवलेल्या चित्रात नव्हतीच, पण असायला हवी होती. पुस्तकातली कविता म्हटली, चालीवर, पावलांच्या ठेक्यात. तात्यांची नक्कल केली. माझी बायको माझ्या मागे चालत होती आणि मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मला मागे वळून बघायचं होतं. पण मी वळलो नाही, कारण वळणं म्हणजे काय, ते मला इतक्यात कळलं होतं.

घर आलं. आजोबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. साहेबांच्या हातातले बूट बघून ते उठले. "आमच्या पोरीनं गाळात घातलं व्हय तुमाला?"

साहेब बाजेच्या कडेला बसले, पाय धुतले, आणि म्हणाले, "आबा, पोरगी बोलते तुमची. हिशेबाला पक्की आहे."

"बोलती?" आबा म्हणाले. "हितं ती समद्यांच्या उरावर बसून बोलती. तितं तोंड उघडत न्हाय, म्हनून तर म्हनतो घरी राहू द्या. जे तिला येतंय ते हितंच येतंय. मग शाळा कशापायी?"

 इतका वेळ आम्ही तिला बोलता येतं हे सिद्ध करायला चालत आलो होतो, आणि तेच आबांच्या बाजूला जाऊन बसलं होतं. साहेब माझ्याकडे बघू लागले. मी दहावीच्या मुलांना निबंध शिकवणारा माणूस, मी माझ्या बायकोकडे बघितलं.

माझी बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आबा, शाळेत बोलत नाही, हा तिचा नाही, आमचा निकाल आहे. पाचवीला पहिला महिना मी तिला रोज सोडायला जाईन. माझी शाळा भरायच्या आधी. महिन्यानंतर तुम्हाला वाटलं तर काढा."

"तुमी?" आबा म्हणाले. "बाई, तुमची शाळा ह्या टोकाला, ती त्या टोकाला."

"मला चालायची सवय आहे."

 आबांनी सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. साहेबांनी बाजेवर बसूनच तक्ता मांडीवर घेतला. बोलणं आणि हिशेब या रकान्यांत खुणा केल्या. वाचनाच्या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं. गोठ्याच्या कुडाला खताची पोती शिवून लावलेली होती. त्यांनी मुलीला विचारलं, त्यावर काय लिहिलंय? तिने गोठ्याकडे तोंड करून, म्हणजे आमच्याकडे पाठ करून, पोत्यावरचं सगळं वाचून दाखवलं, ओलाव्यापासून दूर ठेवा इथपर्यंत. एक पोतं उलटं शिवलं होतं, तेही मान वाकडी करून वाचलं. साहेबांनी खूण केली. आणि खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं: घराच्या वाटेवर ऐकले.

तो शेरा वर गेल्यावर त्यांना त्याबद्दल विचारणा झाली. पुढच्या महिन्यात ते शाळेत आले तेव्हा त्यांनीच सांगितलं. शेरा खोडावा लागला, खुणा राहिल्या. पुढच्या वर्षापासून माझी बायको दोन्ही करू लागली. तक्त्यासाठी वर्गातली परीक्षा आणि स्वतःसाठी वाटेवरची. वर्गात न बोलणाऱ्या मुलांसाठी साहेब कधीमधी आपण होऊन विचारायचे, "बाई, चालायचं का?" शेरा मात्र त्यांनी पुन्हा लिहिला नाही.

जूनमध्ये मुलगी पाचवीला आमच्या हायस्कुलात आली. माझी बायको पहाटे उठायची, भाकरी करून ठेवायची आणि वस्तीवर जायची. तिथून मुलीला घेऊन कालव्याच्या कडेने हायस्कुलापर्यंत, आणि तिथून पुन्हा उलटी स्वतःच्या शाळेकडे. माझ्या सायकलची घंटा ऐकली की दोघी कडेला शेजारी-शेजारी उभ्या राहायच्या आणि मी पुढे जाईपर्यंत गप्प व्हायच्या. मला तेव्हा वाटायचं, परीक्षा चालू असणार.

पाचवीत मुलगी लगेच बोलू लागली असं नाही. पण लिहायची बरं. आणि मधल्या सुट्टीत नळाजवळ दोन-तीन मुलींच्या घोळक्यात तिचा आवाज यायचा, हे मी घरी सांगितलं होतं.

महिना संपायच्या आधीच एके दिवशी माझी बायको लवकर परत आली. पायांवर चिखल होता, तो धुतला. मग म्हणाली, की मुलगी आज वाटेत म्हणाली, बाई, आता तुमी नगा येऊ, पोरी हसत्यात. मी म्हटलं, मग चांगलंच झालं की. ती म्हणाली, "चांगलंच झालं." आणि पाय धुऊन झाल्यावरही ती बराच वेळ मोरीतच उभी राहिली.

आबांनी मुलीला शाळेतून काढलं नाही. ती दहावी झाली, दुसऱ्या वेळेला. मग बारामतीला कॉलेजात गेली आणि आमच्या नजरेआड झाली.

माझी बायको निवृत्त झाली आणि त्यानंतर फार वर्षं जगली नाही. शेवटचं आजारपण लांबलं नाही. लोक म्हणाले, ते बरंच झालं. मला तसं अजून म्हणता येत नाही. तिच्यामागे घरात जे राहिलं त्यात तिच्या आवाजाचं असं काही नव्हतं. ती बोलायची कमी. आमच्या घरात मी बोलायचो, पुस्तकांतलं, पेपरांतलं, शाळेतलं, आणि ती काम करता करता ऐकायची. संध्याकाळी फिरायला गेलो तरी मी पुढे आणि ती मागे. आमच्याकडे माणसं अशीच चालतात. लग्नानंतरची इतकी वर्षं मी तिच्यापुढे पाठमोरा बोलत राहिलो आणि तिला माझं काय काय कळलं, हे तिने मला सांगितलं नाही. तिचं मला काय कळलं, हा प्रश्न मला ती असताना पडला नाही. ती गेल्यावर संध्याकाळ झाली की पडायचा.

दहाव्यानंतर काही दिवसांनी ती मुलगी आली. मुलगी म्हणायचं, पण आता तिलाच शाळेत जाणारी लेक होती. घरात माणसं होती, तोवर ती भिंतीला टेकून बसली आणि काही बोलली नाही. कुणीतरी विचारलं, तुम्ही बाईंच्या कोण? तिने नुसती मान हलवली. निघायची वेळ झाली तेव्हा मी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. मी थोडा मागे राहिलो, मुद्दाम.

ती चालता चालता म्हणाली, "सर, त्या महिन्यात मी काय बोलायची न्हाय. बाईच बोलायच्या."

मी म्हटलं, तू पुढं चालायचीस ना?

"न्हाय. त्या पुढं. म्हनल्या, मला रस्ता ठाऊक न्हाय, मी पुढं व्हते, चुकले तर सांग. रस्ता ठाऊक होता त्यान्ला. मी मागनं ऐकत जायची."

बाई काय बोलायच्या, असं मी विचारलं.

ती सांगू लागली. बाईंच्या माहेरच्या, कोऱ्हाळ्यातल्या विहिरीचं. बाईंच्या धाकट्या भावाचं, जो लहानपणीच गेला आणि ज्याला ती खांद्यावर घेऊन शाळेत जायची. तिला पुण्याला पुढे शिकायला जायचं होतं त्याचं. लग्न ठरलं त्या दिवशी विहिरीच्या कठड्यावर बसून ती काय म्हणाली होती त्याचं. मूल नाही याचं, एका सकाळी, कालव्याच्या पुलावर थांबून.

यातलं थोडं मला ठाऊक होतं. बाकीचं नव्हतं. स्टँड आलं, गाडी लागलेली होती, आणि गोष्ट अर्धी राहिली.

ती आता बारामतीला राहते. वर्षातून एक-दोनदा येते. आली की आम्ही स्टँडपर्यंत चालत जातो आणि ती त्या महिन्यातलं थोडं आणखी सांगते.